चार ओळींची बातमी

"सायकलवरून पडलो," चंपतराव म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या कपाळावरची जखम कापसाने पुसली आणि डावा हात उचलून उजेडात धरला. मनगटाच्या वर आडवा काळानिळा वळ उठला होता.

"पडल्यावर असा वळ उठतो?"

"पडलो न साहेब. गिट्टीवर."

बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने, उत्तराने, दिवाळीत शिडीवरून पडल्याचं ऐकलं होतं, संक्रांतीला न्हाणीघरातल्या शेवाळावरून घसरल्याचं. ती आता एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात जात होती, आणि आज सकाळी बत्ता खाली पडल्याचा आवाज तिने भिंतीपलीकडून ऐकला होता.

"पडले नाई ते," ती म्हणाली. "आईनं मारलं. बत्त्यानं."

पट्टी गुंडाळणाऱ्या कंपाउंडरचा हात थांबला. "घरवालीनं?" त्याने बाकावरच्या दोघांकडे पाहिलं. "आयका गा! आपल्या घरचं बरं म्हणा!" बाक हसलं. दाराशी टेबल टाकून बसलेल्या पोलीस शिपायाने रजिस्टर ओढलं. नाव, वय, राहणार. 'कोणी मारले' या रकान्यात त्याने 'पत्नी' लिहिलं आणि टोपी मागे सरकवून चंपतरावांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

रिक्षात बसल्यावर चंपतराव हळू आवाजात म्हणाले, "काहून सांगतलं वं?"

"खरं तेच सांगतलं, बाबा."

"खरं हाये. पण ते रजिस्टर..." त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहून आवाज आणखी उतरवला. "दहा वाजता आमचा बातमीदार मनोहर त्याच टेबलावर येऊन बसते. सारं उतरवून घेते. बारा वाजता तो कागद माह्या हाती."

बाबा महाल भागातल्या एका सांजदैनिकात जुळारी होते. सव्वीस वर्षं ते छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवत आले होते. पेपर पाच वाजता चौकाचौकांत ओरडून विकला जाई. आईला वाचता येत नसे. शेजारच्या प्रेमलताकाकू तिला ओट्यावर बसून वाचून दाखवत, आणि त्यातही 'घरोघरच्या गमती' ही चौकट आधी. त्या चौकटीवर चित्राचा एक ठोकळा छापलेला असे: लाटणं उगारलेली जाडी बाई आणि पलंगाखाली शिरलेला नवरा. शाळेत असताना उत्तराही तो ठोकळा पाहून हसली होती. बाबांनी आणलेला पेपर होता, म्हणून बाबांनाच दाखवून हसली होती.

आज त्या चौकटीत बाबांचं नाव येणार होतं. ते आईच्या कानावर पडल्यावर संध्याकाळी घरात काय होईल, याचा विचार ती पुढे नेऊ शकत नव्हती. आईचा राग दुधासारखा वर यायचा. ओसरला की तीच हळद लावायची, शिरा करायची, बाबांच्या ताटाशी बसून रडायची. बाबा तो शिरा खायचे. पुढे ते गेले तेव्हा दहाव्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला, फार शांत माणूस. उत्तराने सगळ्यांना मान डोलावली.

"आज सुट्टी घ्या," ती म्हणाली.

"घेतली तं दुसरा कोनी जुळवन. मी असलो तं निदान..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

चक्कर येण्याची भीती होती, म्हणून उत्तराही छापखान्यात गेली. दाराशी यंत्रावरचे आनंदराव भेटले. "मामा, काय झालं गा डोक्शाले?"

"सायकल."

"विकून टाका ते सायकल. मारून टाकन तुमाले एक दिवस."

छापखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत; खरं नाव फक्त हजेरीच्या मस्टरवर होतं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या मधुकरराव उपसंपादकांना तर त्यांचं दुसरं काही नाव असेल असं कधी वाटलंही नसावं. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, पण त्यावर पाणी मारायचं कोणाला सुचलं नव्हतं. उत्तरा कागदाच्या रिमांवर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. अकरा. साडेअकरा. मनोहर आला, टेबलावर कागद टाकून चहाला गेला. मधुकररावांनी त्यातला एक उचलला, वाचता वाचता खुदकन हसले आणि लेखणीचं टोपण काढलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी ते कागद घेऊन उभे राहिले.

"ऐका रे! 'बायकोचा प्रसाद! सक्करदऱ्याचे शूर वीर श्रीयुत चंपत लहानूजी ठवकर यांनी आज प्रातःकाळी गृहलक्ष्मीच्या हस्ते बत्त्याचा प्रसाद भक्षण केला. वीर महाशय पडल्याचे सांगत होते, परंतु कन्यारत्नाने भांडे फोडले!'"

"काय हानली बाप्पा!" आनंदराव म्हणाले. "कोन्त्या चक्कीचं पीठ खाते ते बाई?"

सगळे हसले. उत्तराने वर पाहिलं. बाबाही हसत होते. कपाळावरच्या पट्टीखाली त्यांचं तोंड बाकीच्यांइतकंच, बाकीच्यांबरोबरच हसत होतं.

"मामा, ठोकळ्यासकट घ्या. चौकट करा."

चंपतरावांनी कागद घेतला, खिळ्यांच्या खणांपुढे उभे राहिले. ओळ धरायची लोखंडी पट्टी डाव्या हातात घेताना मनगट खाली गेलं, त्यांनी ते पोटाशी टेकवलं. उजवा हात खणांवरून फिरू लागला. या खणातून एक, त्या खणातून एक. न पाहता. उत्तरा जवळ गेली. "बाबा, सांगा न त्यायले. नाव तरी काढा म्हना."

"तू बस."

नेहमी अशा मजकुराला त्यांना वीस मिनिटं लागली असती. आज दहातच त्यांनी रकान्यावर शाई फिरवून कच्चा छाप काढला आणि मधुकररावांपुढे ठेवला. उत्तराला तो उलटा दिसत होता. ती वळसा घालून मागे गेली.

'पत्नीच्या मारहाणीत इसम जखमी. सक्करदरा येथील चंपत लहानूजी ठवकर (वय ४८) यांना आज सकाळी पत्नीने बत्त्याने मारल्याने कपाळास व डाव्या हातास मार लागला. सरकारी दवाखान्यात उपचार करण्यात आले.'

चार ओळी होत्या. चौकट नव्हती, ठोकळा नव्हता. याच रकान्यात वरती एका विवाहितेला नवऱ्याने मारल्याची बातमी होती. त्या बातमीचे शब्दही असेच होते.

"मामा, हे काय? माझा मजकूर कुठाय?"

"हाच हाये साहेब."

"अहो, पण गंमत कुठे गेली?"

चंपतरावांनी हात पायजम्याला पुसले. "चंपत ठवकर मीच हावो, साहेब. मस्टरवर पाहा."

आनंदराव यंत्राला तेल घालत होते. ते तेलाची बुधली हातात धरून तसेच राहिले.

मधुकररावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "अरे देवा. आधी नाही का सांगायचं? काढून टाकू. आपल्या माणसाचं छापतो का आपण असं?"

"राहू द्या."

"काय?"

"झालं ते झालं. चारच ओळी हायेत. येऊ द्या."

"लोक हसतील हो, मामा!"

"लोक हसतीन तं हसतीन. आपल्या पेपरानं हसू नये."

मधुकरराव वैतागून उत्तराकडे वळले. "तू मुलगी ना यांची? तू तरी समजाव."

सकाळपासून तिला एवढंच हवं होतं, ते नाव पुसलं जावं. आता नुसतं हो म्हणायचं होतं. तिला आईचा चेहरा दिसला, प्रेमलताकाकूंचा ओटा दिसला.

"बाबा म्हनतात तसंच छापा, काका," ती म्हणाली.

मधुकरराव म्हणाले, "नाही, मामा. मालकांना काय सांगू? बायकोने नवऱ्याला मारलं, याची बातमी होत नाही. गंमत होते. गंमत नको असेल तर काहीच नको." त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. त्यांनी लाल पेन्सिलीने चार ओळींवर फुली मारली. "इथे वाळ्याच्या पडद्यांची जाहिरात घ्या."

चंपतरावांनी मान हलवली आणि जाहिरात जुळवली. दोन वाजता पान लोखंडी चौकटीत आवळलं गेलं, यंत्र सुरू झालं, जमीन थरथरू लागली.

मग ते बाजूला काढलेल्या ओळींकडे आले. छापून न झालेले खिळेही परत खणांत घालावे लागतात, उद्या तेच लागतात. एरवी ते डाव्या हातावर ओळी तोलून धरत आणि उजव्याने खिळे सोडत. आज डावा हात उठला नाही.

"माह्या हातावर ठेवा," उत्तरा म्हणाली.

"जड असते वं."

तिने दोन्ही तळहात पुढे केले. त्यांनी चार ओळी जपून त्यावर ठेवल्या. शिसं थंड होतं. ते एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकत गेले. बारीक टकटक होत राहिली. आनंदराव मागून आले आणि चहाचा कप खणांच्या कडेला ठेवून गेले.

आडनावाशी आल्यावर चंपतराव थांबले. 'ठ'चा खण वरच्या कोपऱ्यात होता, इतर खणांपेक्षा कमी लागायचा. त्यांनी त्याच्या कडेला साचलेली धूळ फुंकून काढली आणि खिळा आत ठेवला.