कॉर्नवॉलच्या समुद्रावरची राखण

मित्रांनो, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे पंख नसलेल्या विमानाचे धड गवतात पडले आहे. कोंबड्या त्यात अंडी घालतात. ते माझे उरलेले अंग. पहिल्या महायुद्धात मी ब्रिटिश आरमाराची एअरशिप, म्हणजे वायूवर तरंगणारे हवाई जहाज होते.

माझा जन्म घाईत झाला. शत्रूच्या पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या आणि आरमाराला वरून पाहणारे डोळे हवे होते. मग बायकांनी रबर लावलेले सुती कापड शिवून, चिकटवून एक लांबट फुगा केला. त्यात हवेपेक्षा हलका हायड्रोजन वायू भरला आणि खाली जुन्या विमानाचे धड टांगले. पुढे वायरलेसवाला बसे, मागे वैमानिक. हवाई तळावरचे लोक माझ्या लांबट आकारावरून मला 'सॉसेज' म्हणत.

माझ्या थोरल्या बहिणीही होत्या. काहींचा फुगा तीन फुगे जोडल्यासारखा दिसे. त्या चार-पाच माणसांना घेऊन दिवसभर फिरत. काहींना आतून धातूचा सांगाडा होता आणि त्या चर्चपेक्षाही मोठ्या होत्या. त्या आरमाराच्या ताफ्यासाठी दूरच्या समुद्रावर टेहळणी करत. मी लहान. कोळशाच्या जहाजांची सोबत करायची, पाण्यातले सुरुंग हेरायचे, पाणबुडी दिसली की कळवायचे आणि जमले तर बॉम्ब टाकायचा, हे माझे काम. मी डोक्यावर असले की पाणबुडी सहसा वर येत नसे. खालचे खलाशी टोप्या हलवून दाखवत. तेवढे कौतुक मला पुरे होते.

माझे कापड फाटले की तळावर कामाला असलेली लव्हडे अँगोव्ह ठिगळ लावी. तिचा धाकटा भाऊ हेडली माझा वायरलेसवाला होता. निघताना ती त्याच्या हातात केशराचा पाव ठेवी.

"खाली बघताना फार वाकू नकोस. वर तुला धरायला कोणी नाही."

"साहेब आहेत की मागे."

"ते स्वतःची मिशी धरून बसतात. तुला काय धरणार?"

वैमानिक स्टॅनर्डसाहेब हे ऐकत आणि न ऐकल्यासारखे करत.

एप्रिलमधल्या एका दुपारी आम्हाला दूरवर धूर दिसला. कोळशाचे एक जहाज टॉर्पेडो लागून बुडत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्यावर फळ्या, तेल आणि माणसे उरली होती. स्टॅनर्डसाहेबांनी मला अगदी खाली आणले. माणसांनी हात वर केले. मी त्यांना उचलून नेईन असे त्यांना वाटले. पण मित्रांनो, माझ्यात दोघांचीच जागा आणि दोघांपुरतेच बळ होते. तिसऱ्याने दोर धरला असता तर मीच पाण्यात गेले असते.

हेडलीने वायरलेसवरून मदत मागितली. मग तो कमरेचा तरंगता पट्टा सोडू लागला.

"अँगोव्ह, तो राहू दे," साहेब म्हणाले. "तुझ्या बहिणीला मी काय सांगू?"

"तिलाच विचारलं असतंत, तर माझ्याआधी तिनं टाकला असता."

दोन पट्टे खाली पडले. दुसरा साहेबांचा होता.

मदतीला निघालेल्या मासेमारीच्या एका बोटीला जागा दिसावी म्हणून आम्ही तिथेच घिरट्या घालत राहिलो. तोवर कितीतरी हात खाली गेले. मी सगळे पाहत होते. बोट आली, पण तिला फारच थोडे जिवंत सापडले.

परतताना वारा जमिनीकडून उलटा सुटला. पेट्रोल संपले आणि इंजिन थांबले. इंजिन थांबले की माझ्या फुग्याच्या आतल्या पिशव्यांत हवा भरणे थांबते आणि फुगा सैल पडतो. मी खाली येऊ लागले. दोघांनी बॉम्ब फेकले, बंदूक फेकली, वायरलेसचे यंत्रही फेकले. तरी धड लाटांना टेकले आणि पाणी आत आले. लांबून आरमाराचे एक लढाऊ जहाज आमच्याकडे येत होते, पण तोवर आम्ही टिकत नव्हतो.

हेडलीने चामडी टोपीचा हनुवटीखालचा बंद सोडला. टोपी काढून बैठकीवर ठेवली. "साहेब, दोर घट्ट धरा," एवढेच म्हणाला आणि पाण्यात उतरला.

त्याचे वजन जाताच मी वर उठले. मला उठायचे नव्हते. साहेब त्याचे नाव घेऊन ओरडत राहिले आणि वारा आम्हाला दूर नेत राहिला. लढाऊ जहाजाने माझा दोर पकडला, साहेबांना उतरवले आणि मला ओढत तळावर आणले. त्या जहाजाने हेडलीला पुष्कळ शोधले. तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी लव्हडे ठिगळाचे सामान घेऊन आली. मला ठेवलेल्या शेडच्या दारात साहेब उभे होते.

"लाटेनं नेलं त्याला," ते म्हणाले.

ती माझ्या धडात वाकली आणि टोपी घेऊन वर आली. "लाट बंद सोडून टोपी ठेवून जाते होय, साहेब?"

साहेबांनी मान खाली घातली. मग घडले ते सगळे सांगितले.

"घरी आईला लाटेचंच सांगा," ती शेवटी म्हणाली. "मला खरं कळलं, तेवढं बस."

टोपी एप्रनच्या खिशात घालून ती शिडीवर चढली आणि माझे कापड चिकटवू लागली. दुसऱ्या वायरलेसवाल्याला घेऊन मला पुन्हा जायचे होते.

युद्ध संपल्यावर माझा वायू सोडून दिला. कापड फाडून गवताच्या गंजींवर घातले आणि धड या शेतकऱ्याने नेले. सॉसेजला कोण जपणार? त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझे मागणे वेगळेच आहे. मला उंचावरून सगळे दिसत होते, पण माझा हात कोणापर्यंत पोहोचत नव्हता. मित्रांनो, तुमचे हात पोहोचतात. कोणी हात वर केलेला दिसला, तर नुसते पाहत राहू नका.