होइकेची कॅसेट

आण्याच्या पठारावर पाण्याची बोंब बारमाही, पण देवाची टंचाई कधी पडली नाही. धनगरवाड्याला बिरोबा होता आणि बिरोबाला राघू होता. सालातून एकदा, यात्रेच्या दिवशी, दुपार कलली की ढोल घुमायला लागायचे, भंडारा उधळायचा आणि एरवी मुकाट्यानं मेंढरं वळणाऱ्या राघूच्या अंगात देव यायचा. मग देव पुढच्या सालाची होईक सांगायचा. पाऊस कधी, रोगराई कुठं, कुणी काय जपायचं. अडल्यानडल्यांचे प्रश्नही तेव्हाच सुटायचे.

सुटायचे म्हणजे रतनबाई सोडवायची. रतनबाई राघूची बायको. देव बोलायचा तो धापा टाकत, अर्धं घशात आणि अर्धं ढोलात. त्याच्या तोंडाशी कान नेऊन ते ऐकायचं आणि खणखणीत आवाजात लोकांना फोडून सांगायचं, हे काम सासू गेल्यावर तिच्याकडं आलं आणि तिच्याकडंच राहिलं. राघूला तर देव उतरल्यावर काही म्हणजे काही आठवायचं नाही.

ती लबाड नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. शब्द कळायचा तेवढा ती जशाचा तसा सांगायची. कळायचा नाही तिथं शहाण्या बाईला सुचेल ते सांगायची. ते बहुतेक वेळा खरं निघायचं. नाहीच निघालं तर वर्षभरात लोकच तो शब्द घासूनपुसून असा करायचे, की पुढच्या यात्रेपर्यंत देव बरोबर ठरलेला असायचा. तोंडी गोष्टीचं हे एक सुख असतं.

या सुखाला नजर लागली ती शहाण्णव साली. रतनबाईचा लेक पप्पू भोसरीला कंपनीत होता. त्यानं यात्रेला येताना टेप आणला. गावची निम्मी पोरं पिंपरी-भोसरीला, यात्रेला सगळ्यांनाच कुठली सुट्टी मिळणार? होईक कॅसेटात भरली तर ती खोलीवर बसून ऐकतील, असं त्याचं म्हणणं. पंचांमधले भिकानाना लगेच राजी झाले. ढोलवाला जानकू मात्र उखडला.

"देवाचा शबूद डबड्यात कोंडायचा? उद्या देव म्हनंल, मला नारळ नको, सेल आना!"

शेवटी देवालाच कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या चिकटवल्या आणि सगळे श्वास धरून बसले. उजवी पडली, म्हणजे होकार. जानकू गप्प बसला, पण ढोल त्यानं त्या वर्षी जरा जास्तच जोरात बडवला.

कॅसेट अशी चालली की काही विचारू नका. बेल्ह्याच्या बाजारात एक दुकानदार एकीच्या दहा करून द्यायचा. भोसरीच्या खोल्यांतून लोक टेप पाटावर ठेवून, उदबत्ती लावून, चपला काढून ऐकायचे. एका भाविकानं टेपाला भंडारा वाहिला, तो आत गेला आणि टेप बंदच पडला. एक भानगडही झाली. होईक चालू असताना देवानं मधेच 'चुना' असं काहीतरी म्हटलं होतं. रतनबाईनं सांगितलं, देवळाला चुना लावा. लोकांनी लगबगीनं लावलाही. कॅसेटात मात्र साफ ऐकू आलं, "चुना हाय का रं कुनाकडं, तंबाकूला?" लोक पोट धरून हसले. देवळाचं काही वाईट झालं नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रतनबाईही हसली. पण त्या दिवसापासून ती टेपाकडं नवीन सवतीकडं बघावं तशी बघू लागली.

राघूनं कॅसेट कधी ऐकली नाही. "देवाचं बोलनं देवानं केलं," तो म्हणायचा, "मी कशाला ऐकू?"

पुढच्या वर्षी पप्पूनं वायरवाला छोटा माईक आणला आणि बापाच्या गळ्यात बांधला. ढोलाच्या गोंगाटात माणसांच्या कानाला लागत नव्हतं ते आता टेपाला लागणार होतं.

त्याच यात्रेला पप्पूची बानू तापली. बानू त्याची एकुलती एक, अजून शाळेत घातली नव्हती. दोन दिवस ताप उतरेना, मान वळवली की किंचाळायची. तिची आई नंदा सकाळपासून रतनबाईच्या मागं लागली होती. यात्रेकरूंना घेऊन आलेली जीप देवळाजवळ उभीच होती. घाट उतरून आळेफाट्याला दवाखान्यात जायला कितीसा वेळ?

"आत्या, मी जाऊन येते. उजेडी परत येऊ."

"यात्रेच्या दिशी देवाच्या घरची पोर दवाखान्यात?" रतनबाई म्हणाली. "लोकं तोंडात श्यान घालतील. आधी देवाला इचारू. देव न्हाई का म्हननार हाय?"

नंदाची देवावर श्रद्धा होती. तिनं ऐकलं.

ढोलांच्या कडकडाटात बानूला राघूच्या मांडीवर ठेवली. राघूचे डोळे वर गेले होते, अंग थडथडत होतं. रतनबाईनं कान त्याच्या तोंडाशी नेला. आणि राघूच्या तोंडून आलेलं या वेळी तिला अगदी स्वच्छ कळलं.

"पोर खाली न्या. दवाखान्यात न्या. हे माझ्या हातचं न्हाई."

ती वर उभी राहिली. समोर सगळं पठार लोटलेलं. पारनेरकडचे पाहुणे आले होते, भिकानाना हात जोडून उभे होते. ज्या देवाच्या दारात लोक आपली दुखणी घेऊन आले होते, तो देव स्वतःच्या नातीसाठी हात वर करतोय, हे तिच्या जिभेवर येईना. आणि तिला खरंच वाटलं, की हा देव नाही, हा घाबरलेला आजा बोलतोय. ती ओरडून म्हणाली, "देव म्हनतो, पोर हितंच ठेवा! भंडारा लावा! ऐतवारपातूर उंबरा वलांडू नका!"

लोकांनी चांगभलं केलं. बानू रविवार उजाडायच्या आत गेली.

सुतकात होईक कोण ऐकतो? कॅसेट टेपातच राहिली, तिच्या नकला निघाल्या नाहीत. पप्पू कामावर परत गेला, टेप घरी ठेवून. बानूचा एकही फोटो नव्हता. आणि एके दुपारी नंदानं सहज म्हणून खटका दाबला, तर ढोलाच्या मागून लेक बोलली.

"आये, ढोल बंद कर ना. डोस्कं दुखतंय."

त्या दिवशी एवढ्या माणसांत हे कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. आईलाही नाही. नंदा टेपाला मिठी मारून अशी रडली, की शेजारच्या बाया धावत आल्या. रतनबाई तेव्हा रानात होती. संध्याकाळी घरी आल्यावर तिला हे कळलं.

तेव्हापासून रोज दुपारी तेच. नंदा हातातलं काम संपवून टेपाजवळ बसायची. ढोल, मग बानू, मग खट्‌. पुन्हा मागं, पुन्हा ढोल, पुन्हा बानू, खट्‌. अंगणात शेण थापताना रतनबाईचा जीव त्या खट्‌वर टांगलेला असायचा. त्याच्या पुढं लगेच काय आहे ते तिला ठाऊक होतं. एक दिवस नंदाचा हात चुकला, एक दिवस ती खटका दाबायची विसरली, की राघूचा शब्द येणार, आणि त्याच्या पाठोपाठ तिचा स्वतःचा, खणखणीत. मग या घरात तिनं कुठं तोंड लपवायचं? राघूला काय सांगायचं? नातीच्या दुःखानं ती पोखरली होतीच, त्यावर ही भीती. रडायलाही तिला मोकळीक नव्हती.

तिनं सेल काढून कणगीत टाकले. नंदानं बाजारातून नवे मागवले. तिनं राघूला म्हटलं, "पोरीला येड लागंल अशानं, टेप पप्पूकडं धाडून द्या." "आईच हाय ती," राघू म्हणाला. "ऐकू दे."

साल फिरलं. यात्रा तोंडावर आली आणि भिकानाना दारात आले.

"नंदे, मागल्या सालची होईक कुनालाच मिळाली न्हाई बघ. लोकं मागत्यात. दे कॅसेट, चार नकला करतो आनि आनून देतो."

"न्हाई द्यायची," नंदा म्हणाली.

"आगं, देवाचा शबूद हाय. एकट्या घरचा हाय का त्यो?"

"न्हाई म्हनले ना, नाना."

रतनबाईला सुटल्यासारखं वाटलं, पण ते घटकाभरच. जाता जाता भिकानाना म्हणाले, पप्पूला बोलतो, तो यायचाच आहे, सोमवारी बेल्ह्याला घेऊन जाईल. बायकोचं नाही पंचांपुढं कितीसं टिकणार?

पप्पू यायच्या आदल्या दिवशी नंदा गवताला गेली. राघू बाहेर ओट्यावर लोकर कातत बसला होता. रतनबाईनं दार लोटलं आणि टेपापुढं बसली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण लेकाची बोटं पाहिली होती. लाल आणि त्याच्या शेजारचं काळं, दोन्ही एकदम दाबली की टेप ऐकायला लागतो आणि आधीचं सगळं जातं.

पोरीचा आवाज ठेवायचा आणि पुढचं तेवढं पुसायचं, असं ती मनाशी ठरवून बसली होती. तिनं आधी नुसतं लावलं. ढोल वाजला. बानू बोलली. आजीचा ऊर फुटायला आला. तिला पदर तोंडात कोंबायचंही सुचलं नाही तोच राघूचा श्वास आला, "पोर खाली..." तिनं घाईनं बंद केलं. आता थोडं मागं न्यायला हवं होतं. कमी नेलं तर शब्द राहील. जास्त नेलं तर पोर जाईल. तिनं मागं न्यायचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. पुरे, पुरे, असं आतून कुणीतरी म्हणत होतं, तरी धरलं. मग लाल आणि काळं एकदम दाबून ती भिंतीला टेकून बसली. फीत संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

नंदानं आल्यावर भारा टाकला, हातपाय धुतले आणि नेहमीसारखी बसली. रतनबाई चुलीपाशी पाठ करून पीठ मळू लागली.

टेपातून ढोल आला नाही. कोंबडी आली. बाहेर एक मेंढरू खोकलं. बराच वेळ काही नाही, मग एका म्हातारीचा दाटलेला आवाज, "बिरोबा, पदरात घे रं." आणि पुन्हा कोंबडी.

नंदानं ते सगळं ऐकून घेतलं. फीत पुढं नेली, मागं आणली, उलटी करून घातली. रडली नाही, ओरडली नाही. कॅसेट बाहेर काढून तिनं पदरानं पुसली आणि म्हणाली, "आत्या, मी ही कॅसेट पयल्याच दिशी शेवटपातूर ऐकली व्हती."

रतनबाईचे हात पिठात थांबले.

"मामा काय बोलले ते बी ऐकलं. तुमी काय सांगितलं ते बी ऐकलं."

"मंग... मंग बोलली का न्हाईस, माझे आई?"

"बोलले असते तर पंच बसले असते. कॅसेट ह्याच्या हातातनं त्याच्या हातात गेली असती. कुनी मोडली असती, कुनी देवाफुडं जाळली असती. माझी पोर व्हती त्येच्यात." नंदानं कॅसेट मुठीत आवळली. "तिच्यापायी दातावर दात धरून बसले. तुमच्या हातचं खाल्लं, तुमचं पाय दाबलं. भिकानानाला न्हाई म्हनले तवा तुमाला वाटलं आसंल, ही खुळी हाय."

"नंदे, मी तुझ्या पाया पडते. ह्यांना सांगू नगंस. जीव देतील त्ये."

"माझी आता गप ऱ्हायची गरजच संपली, आत्या. तुमीच संपवली."

ती उठली. रतनबाईनं पिठाच्या हातानं तिचं लुगडं धरलं. नंदानं ते ओढून नाही घेतलं, एकेक बोट सोडवून घेतलं. मग डोक्यावर पदर नीट केला आणि दार उघडून ओट्यावर गेली.

रतनबाई चुलीपाशीच बसून राहिली. बाहेरचं तेवढं ऐकू येत होतं.

"मामा, बानूला तुमच्या मांडीवर ठेवली व्हती, तवा तुमच्या तोंडून काय आलं, ठावं हाय का तुमाला?"

लोकर कातायची चाती थांबली.

"न्हाई, पोरी," राघू म्हणाला. "सांग."