गाडी का थांबलीय?

"गाडी थांबलेली दिसतेय, काका. का थांबलायत?"

म्वादिमेने डोळे न उघडताच फोन कानाला लावला होता. ट्रकच्या केबिनच्या पत्र्यावर ऊन चढलं होतं आणि आडव्या फळीवरची त्याची चादर घामाने पाठीला चिकटली होती.

"झोपलो होतो."

"अच्छा! मग झोपा की. मला वाटलं काही झालं की काय."

"काही झालं नव्हतं, पोरी. आता झालं."

"काय झालं?"

"जाग आली."

पलीकडे मोम्बासाच्या थंडगार ऑफिसात झुहुरा मनापासून हसली. "तुम्ही पण ना, मुसेंबीकाका!" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

म्वादिमेचं नाव मुसेंबी नव्हतं. मुसेंबीला जाऊन दोन पावसाळे झाले होते. पण कंपनीचा हा फोन आधी मुसेंबीचा होता, आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्या नंबरासमोर अजून त्याचंच नाव उमटत होतं. झुहुरा नंतर नोकरीला लागली. तिने मुसेंबीला पाहिलेलं नव्हतं आणि म्वादिमेलाही. पहिल्या दोन वेळा म्वादिमेने तिची चूक सुधारली. ते नाव बदलायला नैरोबीच्या मुख्य ऑफिसची मंजुरी लागते असं कळल्यावर तो मुसेंबी म्हणून ओ द्यायला लागला. नैरोबीपेक्षा ते सोपं होतं.

कंट्रोल रूमची व्यवस्था तशी चोख होती. चालणारी गाडी पडद्यावर हिरवा ठिपका, थांबलेली गाडी लाल ठिपका. लाल ठिपका अर्धा तास लाल राहिला की फोन करायचा. ऑफिस सकाळी आठला उघडे आणि पाचला बंद होई. रात्रभर ड्रायव्हर जागा असे तेव्हा ऑफिस झोपलेलं असे. सकाळी ड्रायव्हर आडवा झाला की ऑफिस उठे, आणि तो आडवा का झालाय याची चौकशी करी. यात कुणाचीच लबाडी नव्हती. उलट विश्रांती सक्तीची असल्याचं परिपत्रक कंपनीनेच काढलं होतं, आणि ड्रायव्हर ती नीट घेतोय ना, हे पाहायलाच तर फोन होते.

म्वादिमेने कूस बदलली. मोम्बासा-नैरोबी रस्त्यावरच्या मुटिटो अंदेईच्या या ट्रक यार्डात आजचा दिवस त्याला झोपायलाच हवं होतं, कारण काल रात्री त्याला रस्त्यात मुसेंबी दिसला होता.

ड्रायव्हरांना या गोष्टी ठाऊक असतात, त्या चहा पिताना हवापाण्यासारख्या बोलल्या जातात. झोपेची थकबाकी वाढली की पहिल्या पायरीला गुरं दिसतात. रस्त्यात नसलेली गुरं, त्यांच्यासाठी माणूस ब्रेक मारतो. दुसऱ्या पायरीला ओळखीची माणसं दिसतात. तिसऱ्या पायरीला काय दिसतं हे कुणी सांगत नाही, कारण सांगायला कुणी परत येत नाही. गुरं म्वादिमेने गेल्या आठवड्यात पाहून झाली होती. काल मुसेंबी पांढऱ्या पट्टीवर उभा होता, हातात पाल्याची फांदी, आणि तो ती सावकाश हलवत होता. आज संध्याकाळी गाडी पुन्हा निघायची होती.

डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला. सीमेवरच्या कागदांवर गव्हाची पोती लिहायची की टन, असं एक साहेब विचारत होते. पुढच्या फोनवर एक गोड आवाज होता, माणसाचा नव्हे, यंत्राचा. ड्रायव्हर-कल्याण विभागाची पाहणी होती ती. "आपल्याला पुरेशी झोप मिळते का? होय असल्यास एक दाबा. नाही असल्यास दोन दाबा आणि कारण सविस्तर सांगा." म्वादिमेने एक दाबला, आणि तो खाली उतरला.

यार्डाच्या कडेला म्वेंदेमावशीची टपरी होती. मावशी चुलीवरचा घेवडा ढवळत होती. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हे डोळे कुणाकडून उसने आणलेस? परत दे बाबा. शोभत नाहीत."

"चहा दे, मावशी."

"चहा कसला? झोपायला आलायस की जागायला?"

"मला ठरवू देतात होय? तू सांगून बघ त्यांना."

"आण तो फोन इकडे. मीच बोलते. म्हणते, मेला झोपलाय, आणि पुन्हा वाजवलात तर फोन घेवड्यात टाकीन."

"ड्रायव्हरचाच आवाज लागतो. दुसरं कुणी बोललं की गाडी चोरीला गेली असं धरतात. मग पोलीस येतात उठवायला."

मावशीने झाकण आपटलं. "मुसेंबी पण अस्साच बसला होता इथं. ह्याच बाकावर. फोन ठेवायचा, डोकं टेकवायचा, की फोन वाजायचा. मी म्हटलं, जाऊ नकोस आज. तर म्हणतो, काय सांगू त्यांना? गाडी तर ठणठणीत आहे." तिने चुलीत लाकूड सारलं. "माणूस मोडला तर त्यांच्या पडद्यावर दिसत नाही रे. गाडी मोडली की बघ. धावत मिस्त्री धाडतात."

ती उगाच बोलून गेली. म्वादिमे मात्र चहा अर्धा टाकून उठला आणि यार्डाच्या कुंपणापाशी गेला. तिथे कडुलिंब होता.

त्या रस्त्यावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर पहिलं काम एकच करतो. पाल्याच्या फांद्या तोडतो आणि गाडीच्या मागे लांबवर डांबरावर अंथरत नेतो. पाला दिसला की मागचा समजतो, पुढे कुणीतरी अडकलंय, जपून. यार्डात उभ्या असलेल्या गाडीमागे आजवर कुणी पाला अंथरला नव्हता. म्वादिमेने अंथरला. शेजारच्या ट्रकमधून दात घासत एक ड्रायव्हर ओरडला, "काय रे, इथं कोण धडकणार तुला? मावशीची कोंबडी?"

म्वादिमेने फांद्यांसकट गाडीचा फोटो काढून पाठवला आणि फोन केला. "गिअरबॉक्स गेला."

झुहुराचा आवाज एकदम मऊ झाला. एखाद्याच्या घरातलं कुणी आजारी पडल्यावर होतो तसा. "अरेरे! गाडीला हात लावू नका हं. लगेच मिस्त्री पाठवते. त्याला यायला वेळ लागेल, तोवर तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. झोपा तुम्ही."

कंपनीच्या तोंडून 'झोपा' हा शब्द त्याने शेकडो वेळा ऐकला होता. तो खरा ठरल्याची ही पहिलीच वेळ. बावीस चाकांची धडधाकट गाडी आजारी पडली आणि म्वादिमेला झोप लागली.

झोपेत त्याला ती पहाट दिसली, जशी ती नेहमी दिसायची. सरळ रस्ता. नवे टायर. शाबूत ब्रेक. आणि गोरखचिंचेच्या बुंध्यात घुसलेली मुसेंबीची केबिन. म्वादिमे मागून येत होता, तोच पहिला पोचला. आत काही हलत नव्हतं, फक्त फोन वाजत होता. ऑफिस त्या दिवशी लवकर उघडलं असावं. पत्र्याच्या फटीतून हात घालून त्याने फोन ओढून काढला होता, आणि तेव्हाच्या कंट्रोल रूममधल्या माणसाने विचारलं होतं, "मुसेंबी, गाडी थांबलेली दिसतेय. का थांबलायस?"

चौकशीत अपघाताचं कारण निघालं नाही. फोनला मात्र ओरखडाही नव्हता. चांगली वस्तू वाया का घालवायची, म्हणून तो म्वादिमेला मिळाला.

स्वप्नात तो वाजतच राहिला. मग म्वादिमेच्या लक्षात आलं की तो उशाशी वाजतोय. ऊन कलंडलं होतं.

"काका..." झुहुरा होती, पण हसरी नव्हती. "मिस्त्रींची पिकअप थांबलीय. केव्हाची. तुमच्यापासून जवळच, मोम्बासाच्या बाजूला, खडकाच्या वळणापाशी. मी फोन करतेय, करतेय, उचलत नाहीयेत."

"कोण मिस्त्री?"

"बारासा. रात्रभर वोईला एका गाडीखाली होते. सकाळी नुकतेच झोपले होते म्हणे. मीच उठवलं. तुमच्यासाठी. बघता का जाऊन?"

म्वादिमेचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. गिअरबॉक्स गेलेली गाडी महामार्गावर धावताना पडद्यावर दिसली असती. त्याही परिस्थितीत त्याला हे सुचलं, याची त्याला नंतर लाज वाटली. फाटकाबाहेर मोटरसायकलवाले उभे होते. पहिल्याच्या मागे तो चढला.

"किती घाई आहे, बाबा?" पोऱ्याने विचारलं.

"कुणी मेलं असलं तर काही घाई नाही. नसलं तर आहे."

पोऱ्याने किक मारली.

वाटभर म्वादिमे डांबराकडे पाहत होता. पाला शोधत होता. बारासा जुना माणूस. गाडी थांबवून तो खाली उतरला असता, दोन पावलं चालू शकला असता, तर त्याने पाला अंथरला असता. डांबर स्वच्छ होतं. एक वानर रस्त्याकडेला बसून काहीतरी सोलत होतं, बाकी काही नव्हतं. म्वादिमेने आयुष्यात पाल्याची एवढी वाट पाहिली नव्हती.

वळणाआधी पिकअप दिसली. दोन चाकं लाल मातीत, दोन डांबरावर. मोटरसायकलचं इंजिन बंद व्हायच्या आधीच त्याला आवाज ऐकू आला. आत फोन वाजत होता.

पोऱ्या लांबच थांबला. म्वादिमे खिडकीपर्यंत चालत गेला. बारासाचं डोकं स्टिअरिंगवर होतं, तोंड पलीकडे. ग्रीसने काळे झालेले हात मांडीवर उलटे पडले होते, कुणीतरी त्यात काहीतरी ठेवावं तसे. म्वादिमेने हात आत घातला. याआधीही एकदा घातला होता, त्यामुळे हाताला सवय होती. बोटं बारासाच्या नाकापाशी नेली.

गरम वारा लागला. मग बारासाने एक लांब, घरघरता श्वास सोडला आणि झोपेतच ओठ चाटले. हातब्रेक ओढलेला होता. तेवढं करून गडी जागच्या जागी विझला होता.

फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. म्वादिमेने तो उचलला.

"मिस्त्री, गाडी थांबलेली दिसतेय..." एवढं म्हणून झुहुराला पुढचं म्हणवेना.

"मी बोलतोय."

"मुसेंबीकाका?"

"मुसेंबी नाही. म्वादिमे. मुसेंबी गेला, पोरी. तुझ्या आधी. तेव्हापण फोन वाजतच होता."

मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि मिस्त्री?"

म्वादिमेने आत पाहिलं. बारासाच्या तोंडातून लाळेचा धागा स्टिअरिंगवर उतरला होता.

"गाडी बिघडलीय," म्वादिमे म्हणाला.

"माणूस?"

"माणूस ठीक आहे. गाडी बिघडलीय. वेळ लागेल."

"पण मग..." ती गोंधळली. तिच्यासमोर दोन लाल ठिपके होते, दोन्ही नादुरुस्त. "मिस्त्रीची गाडी दुरुस्त करायला मिस्त्री कुठून पाठवू?"

"नको पाठवूस. कुणाला उठवू नकोस."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "किती वेळ लागेल म्हणून लिहू?"

"उद्या सकाळपर्यंत."

"दोन्ही गाड्या?"

"दोन्ही."

"बरं," झुहुरा म्हणाली. आणि मग, फोन ठेवण्याआधी, "म्वादिमेकाका."

त्याने बारासाचा फोन हळूच त्याच्या मांडीशी ठेवला आणि दार न वाजवता मागे सरला. पोऱ्याच्या मदतीने पिकअप ढकलून चारही चाकं मातीत घेता आली असती, पण बारासा जागा झाला असता. पोऱ्याला त्याने परत धाडलं. इथे कडुलिंब नव्हता, नुसती काटेरी झुडपं. ज्यांना थोडाफार पाला होता त्यांच्या फांद्या तो मोडत गेला. तळहात ओरबाडले. वळणाच्या पार मागेपर्यंत त्याने एकेक फांदी डांबरावर ठेवत नेली, जवळजवळ, यार्डातल्यापेक्षा कितीतरी नीट.

शेवटच्या फांदीपाशी तो एका दगडावर बसला. ट्रक येत होते, पाला पाहून लांबून वेग कमी करत होते, वळसा घालून जात होते. एकाने काच खाली केली.

"काय मोडलंय, उस्ताद? हात देऊ का?"

"नको. हॉर्न तेवढा वाजवू नकोस."

तो ड्रायव्हर पिकअपकडे बघत पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे गेला.

सूर्य टेकड्यांना टेकला. पाच वाजून गेले होते. म्वादिमेने खिशातून मुसेंबीचा फोन काढून पाहिला. चालू होता. वाजत नव्हता. त्याने तो ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा काढून पाहिला.

मोठी गाडी गेली की तिच्या वाऱ्याने पाला सरकायचा. म्वादिमे उठायचा, फांदी पुन्हा जागेवर ठेवायचा आणि येऊन बसायचा.