पूजेत हरवलेली टोपी

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर अक्षरं आणि रेषा उमटवायच्या, हे माझं काम. तुमच्या लॅपटॉपात आज माझे नातलग नखाएवढे झालेत म्हणे. मी मात्र चांगला हातभर लांब होतो, आणि त्याचा मला तोराही होता.

१९८८ साली मारोतरावांनी नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या आपल्या ऑफिसात कॉम्प्युटर घेतला. तिथे घरांचे नकाशे काढत. त्या कॉम्प्युटरला दोन पडदे होते. माझ्या हिरव्या पडद्यावर आकडे यायचे आणि शेजारच्या रंगीत कार्डाच्या पडद्यावर नकाशा. दोघांनाही मेमरीत आपापली जागा लागायची. खरं सांगतो, मी जरा हावरट. मोकळं सोडलं तर मी शेजाऱ्याच्या जागेतही पाय पसरणार. म्हणून माझ्या कोपऱ्यातल्या दोन बारीक खिळ्यांवर तांदळाएवढी काळी टोपी बसवली होती. ती असली की मी अर्ध्याच जागेत राहायचं.

नकाशे प्रेमलता काढायची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. नोकरी पक्की झाली नाही तर काटोलला परत ये, असं घरच्यांनी तिला बजावलं होतं. पोरीचा हात भारी साफ! मारोतराव येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे नकाशे कौतुकाने दाखवत, आणि आम्हा दोघा कार्डांनाही बरं वाटे.

मग दसरा आला. ऑफिसातलं प्रत्येक हत्यार पूजेच्या ताटात हवं, असा मारोतरावांचा हट्ट. पट्ट्या, कंपास झाल्यावर त्यांनी स्वतः कॉम्प्युटर खोलला आणि आम्हाला बाहेर काढलं. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी मला फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पुसताना टोपी निघाली ती कोणालाच दिसली नाही. निर्माल्याबरोबर गेलीसुद्धा. पूजा झाल्यावर मारोतरावांनी आम्हाला तसंच पुन्हा आत बसवलं. मी ओरडणार कुठून?

दुसऱ्या दिवशी प्रेमलताने नकाशा उघडला आणि मी शेजाऱ्याच्या जागेत घुसलो. दोन्ही पडद्यांवर नुसता कचरा, कॉम्प्युटर ठप्प. तिने दहादा बंद करून चालू केला, फ्लॉपी बदलली, वायरी घट्ट केल्या. एका घरमालकाला त्याचा नकाशा सोमवारी द्यायचा होता. सोमवार गेला, मंगळवारही गेला.

शेवटी चौकातला टीव्ही दुरुस्त करणारा शालिकराम आला. त्याने शेजाऱ्याला काढलं, तर मी नीट चाललो. मग मला काढलं, तर शेजारी नीट चालला. दोघं एकत्र बसवले की पुन्हा तेच. बिचाऱ्याने डोकं खाजवलं आणि जुन्या पद्धतीचं तेच खराब ठरवून मला बाहेर ठेवलं. नकाशा लगेच उघडला. झालं, माझा गुन्हा सिद्ध!

आता मला बिघडवलं कोणी, हा प्रश्न निघाला. कॉम्प्युटरवर बसते कोण, तर प्रेमलता.

ती हळूच म्हणाली, "पूजेच्या दिवशी खोलला होता जी तुम्ही."

"पूजेनं मशीन बिघडते काय?" मारोतराव म्हणाले. "तूच काहीतरी करून राहिली असशील."

ती टेबलावर माझ्याकडे वाकली. माझ्या कोपऱ्यातले उघडे खिळे तिच्या डोळ्यांसमोर होते, पण त्यांच्यावर काही असायचं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. मी ते जन्मापासून जाणत होतो आणि टेबलावर निपचित पडून होतो. इतकी लाज मला कधी वाटली नाही. शनिवारी तिने आपली पेन्सिलींची डबी पिशवीत घातली आणि ती काटोलच्या गाडीला गेली.

मित्रांनो, मी अजून धडधाकट आहे, एका टोपीपुरता अडून बसलोय. माझं जाऊ द्या. पण यंत्र बंद पडलं, तर दोष कोणाच्या माथी मारण्याआधी एवढं करा. त्याला शेवटचा हात कोणी लावला ते सगळ्यांना विचारा, आणि मालकाला सर्वांत आधी विचारा.