तिसऱ्या लेनमधली रेघ

हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेतला कोल्म रफ्यूज जोएलच्या लॅबमध्ये येऊन दाखल झाला होता. माणूस तसा सभ्य. सस्काटूनच्या थंडीला चार शिव्या घालून झाल्यावर त्याने तिच्या डब्यातले बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी आवडीने खाल्ले. पण आला होता तो तिच्या प्रबंधाचा निकाल लावायला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जोएलने जिवाणूंकडून एक प्रथिन तयार करून घेतलं होतं. त्याला बोटांसारख्या चार घड्या, आणि प्रत्येक बोट जस्ताच्या एकेका अणूवर वळलेलं. या बोटांनी ते डीएनएचा ठरावीक तुकडा पकडतं, असं तिने लेखात छापलं होतं; आणि एक बोट मोडलं तर अजिबात पकडत नाही, असंही. हॅलिफॅक्सवाल्यांनी रीतीप्रमाणे तिच्याकडून प्रथिनाचा नमुना मागवला, तर तिथे धडधाकट प्रथिनानेही काहीच पकडलं नाही. मार्गदर्शक डार्लीनबाईंनी जोएलला स्पष्ट सांगितलं होतं की कोल्मसमोर जमलं नाही, तर लेख मागे घ्यायचा. लेख गेला की प्रबंधात उरणार काय, डोंबल!

सकाळी कोल्मने आणलेल्या डीएनएवर प्रयोग पुन्हा फसला.

"डीएनए कशात विरघळवलायस?" तिने विचारलं.

"नेहमीच्याच द्रावणात. ईडीटीएवाल्या."

"मग कसं जमणार, बाबा?"

डीएनए टिकावा म्हणून ईडीटीए सगळेच डोळे झाकून घालतात, आणि ते दिसेल तो धातू ओढून घेतं. जस्त गेलं की बोटं ढिली. कोल्मचे कान लाल झाले, पण तो लगेच सावरला.

"ठीक. साध्या पाण्यातला डीएनए घेऊ, वर थोडं जस्त घालू. पण जस्ताने काहीही चिकटू शकतं, म्हणून शेजारी मोडक्या बोटाचं प्रथिनही लाव. तेही तितकंच चिकटलं, तर तुझं म्हणणं संपलं."

विजेच्या ओढीने डीएनए जेलच्या पातळ थरातून खाली सरकून झाला, तेव्हा कोल्म कॉफी आणायला गेला होता. पडद्यावर चित्र उमटलं. पहिल्या लेनमध्ये, म्हणजे जेलमधल्या उभ्या पट्टीत, नुसता डीएनए, पार खाली पोचलेला. दुसरीत धडधाकट प्रथिन, आणि त्याने पकडलेला डीएनए मागे अडकल्याची वर ठसठशीत रेघ. तिसरीत मोडकं, रेघेच्या जागी काळोख. जोएलला हसूच फुटणार होतं.

पण बाईंची शिस्त हाडीमासी खिळलेली. काळ्या भागातले बारीक दाणे दिसेपर्यंत पडद्यावरचा उजेड वाढवल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. तिने उजेड वाढवला. तिसऱ्या लेनमध्ये पुसटशी रेघ आली. कमी केला, गेली. पुन्हा वाढवला, आली.

कॉरिडॉरमध्ये कोल्मचे बूट वाजले. उजेड खाली ठेवला असता तर तिला कुणी खोटं म्हटलं नसतं. सगळे तसंच छापतात. तिला रडू आलं. तिने उजेड वरच ठेवला आणि हात मांडीखाली दाबून धरले.

कोल्मने पडद्याशी वाकून तिसरी लेन पाहिली.

"मी 'अजिबात पकडत नाही' असं लिहिलं होतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. तेच आम्हाला खटकलं होतं. इतकी कोरी लेन कुणी दाखवली, की मी उजेड स्वतःच वाढवून बघतो. आत्ताही तेच करणार होतो." त्याने खुर्ची ओढली, कप तिच्यापुढे सरकवला. "तो 'अजिबात' तेवढा खोड. बाकीचं पटलं, लेख राहू दे, असं मी डार्लीनबाईंना आजच कळवतो."

जोएलने लेखाची प्रत ओढली आणि 'अजिबात'वर काट मारली; मग कप उचलला.