माल्सुकचं नाव

माउलीनं पुण्याहून कादंबरी आणली ती वडिलांसाठी नव्हे, बायकोसाठी. तो कोरियन कंपनीत फिटर होता. तिथला एक साहेब मायदेशी परतताना आपलं सगळं सामान, इंग्रजी पुस्तकांचं खोकंसुद्धा, कामगारांत वाटून गेला. बाकीच्यांनी कपडे, भांडी उचलली, माउलीनं हे जाडजूड पुस्तक उचललं, कारण मंजुश्री कानडी मुलखातल्या आळंदच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि हाती लागेल ते वाचायची.

पण वाचनाचं खरं वेड होतं ते श्रीपतरावांना. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, पुढं कानडी शाळेत मास्तरकी केलेले आणि घरात मराठी बोलणारे श्रीपतराव साखरेच्या आजारानं दोन वर्षांपूर्वी आंधळे झाले होते. तेव्हापासून मंजुश्री शाळेतून आली की साडेचारला त्यांना काहीतरी वाचून दाखवी. घराच्या पश्चिमेला एक ओटा होता. डिसेंबरातलं ऊन तिथं उशिरापर्यंत रेंगाळायचं. सतरंजीवर शाल गुंडाळून म्हातारा बसायचा. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात मधे असायची. सासूबाई कलाबाई आल्याचा चहा आणून द्यायच्या आणि दाराच्या उंबऱ्यात काहीबाही निवडत बसायच्या. दिवसातला हा तासभर मंजुश्रीला फार आवडायचा.

"कुठल्या मुलखाची म्हनलीस?" पहिल्या दिवशी श्रीपतरावांनी विचारलं.

"कोरियाची, अप्पा. एका घरातल्या चार पिढ्या हायत. मिठागरावर काम करनारे लोक."

पुस्तकाच्या सुरुवातीलाच पानभर वंशावळ छापलेली होती. आधी ती वाच, असा श्रीपतरावांचा हुकूम. हेळवा बैलावर बसून दारात येतो आणि सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतो, तशी मंजुश्रीनं ती नावं म्हटली. म्हातारा खूश झाला. मग ती एकेक वाक्य मनात मराठी करत वाचू लागली. समुद्राकाठचं गाव. भाजी आंबवून मातीच्या रांजणात पुरून ठेवणारी आजी. खालून धग देऊन तापवलेली जमीन आणि तिच्यावर अंग टाकून झोपणारी पोरं.

"जमीनच तापिवत्यात? शानी मानसं हायत," श्रीपतराव म्हणाले. "आपन शेगडी घिऊन बसायलो."

मंजुश्रीला सुरुवातीला पुस्तक जरा अवघडच गेलं. नावं सारखी एकमेकांत गुंतायची, दर दहा पानांनी कुणीतरी मरायचं. पण लिहिणारीचं बोट धरून चाललं की रस्ता सापडायचा. चार दिवसांत नव्वद पानं झाली.

पाचव्या दिवशी माल्सुक आली. मिठागरवाल्याची थोरली लेक. फेरीवाल्याबरोबर पळून गेलेली. तिची आई रोज जेवताना तिच्या वाटणीचा भात वाटीत काढून ठेवायची.

"थांब," श्रीपतराव म्हणाले. "वंशावळीत ही पोरगी व्हती का?"

तिनं पानं मागं उलटली. "न्हाई, अप्पा."

"कामून न्हाई? लिवनारी चुकली आसंल."

"चुकली न्हाई. बापानंच नाव काढून टाकायला लावलं, म्हनून लिवलंय की."

श्रीपतरावांनी शेंग सोलता सोलता हात थांबवला. या घरातली थोरली लेकही अशीच गेली होती. जगदेवी. त्र्याण्णव साली, मंजुश्री या घरात यायच्या सहा वर्षं आधी, जहिराबादच्या एका तेलुगू मेकॅनिकचा हात धरून. जातीबाहेरचा. त्यानंतर तिचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. फक्त पंचमीला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात तेव्हा, कलाबाई पाच लाडू डब्यात वेगळे ठेवायच्या. कुणासाठी ते कुणी विचारायचं नाही.

"त्या बापाला ठाव व्हतं का," श्रीपतराव हळू बोलले, "पोरगी जित्ती हाय का मेली?"

"पुढं आसंल. आजून तिथवर आलं न्हाई."

"मला ठाव व्हतं."

मंजुश्रीला आधी कळलंच नाही. उंबऱ्यात सुपाचा आवाज थांबला.

"काय ठाव व्हतं?" कलाबाईंनी विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वळवली. बायको ऐकत बसली आहे, हे तो विसरला असावा, किंवा नसावाही. मंजुश्रीला ते पुढंही कधी ठरवता आलं नाही.

"कार्ड आल्तं. तू शेताला गेल्तीस. तापानं गेली म्हनून लिवलं व्हतं. लहान पोर हाय म्हनून."

"कवा?"

"आठ वरसं झाली."

"कार्ड कुठं हाय?"

"चुलीत घातलं."

कलाबाई उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. "आठ पंचम्या," त्या म्हणाल्या. "मी लाडू ठेवायले, आन तुमी चार दिवसांनी त्येच लाडू मागून खायलात."

"सांगितलं आसतं तर तू रडली आसतीस. चार लोकांत झालं आसतं."

"व्हय," कलाबाई म्हणाल्या. "रडले आसते."

तिसऱ्या दिवशी सासू-सून हुमनाबादवरून जहिराबादला गेल्या. कार्डावरचा पत्ता म्हाताऱ्याला पाठ होता, बस स्टँडमागची गल्ली, गॅरेजला लागून घर. मंजुश्रीला सगळ्यात जास्त राग त्या पाठ असण्याचाच आला.

मेकॅनिकनं दुसरं लग्न केलं होतं. तो कामासाठी बाहेरगावी गेला होता. त्याची बायको दारात आली, ऐकून घेतलं आणि आतल्या पोरीला हाक मारून बाजूला झाली. पोरगी चौदा-पंधराची असेल. शाळेच्या कपड्यांत, वेणीला लाल रिबीन. हनुवटी थेट जगदेवीची, असं कलाबाई मागाहून म्हणाल्या.

"आप कौन?" पोरीनं विचारलं.

"तेरी माँ की माँ," मंजुश्री म्हणाली. "आळंद से आए."

पोरगी दोघींकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"अम्मा तो बोलती थी, उसके घर के सब मर गए."

कलाबाईंनी पुढं केलेला हात तिथंच राहिला. पोरीनं आत जाऊन दोन पेले पाणी आणलं. दोघी ते उभ्याउभ्याच प्यायल्या. जगदेवीचा फोटो आहे का, असं मंजुश्रीनं विचारलं, तर पोरगी म्हणाली, भिंतीवर होता, घराला रंग देताना गेला. मग शाळेची वेळ झाली म्हणून ती दप्तर घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिनं एकदा मागं बघितलं, पण थांबली नाही.

परतीच्या बसमध्ये कलाबाई एवढंच बोलल्या, "तिनं बी आमाला मारून टाकलं व्हतं म्हन की. बरं केलं."

माउली संक्रांतीला आला, अप्पांशी बोल म्हणून आईला समजावून पाहिलं. त्या त्याच्याशी नीट बोलल्या, हसल्यासुद्धा. स्वयंपाक करायच्या, नवऱ्याचं ताट वेळेवर वाढायच्या, गोळ्या मोजून हातावर ठेवायच्या. म्हाताऱ्याशी मात्र एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढं अडीच वर्षं तो जगला, तेवढी सगळी अडीच वर्षं.

ताटाचा आवाज झाला की श्रीपतराव मान वर करून विचारायचे, "कोन हाय?" मंजुश्री असली तर ती सांगायची, "मी हाय, अप्पा." कलाबाई असल्या की उत्तर यायचं नाही. मग ते चाचपडत ताट जवळ ओढायचे आणि खाली मान घालून जेवायला लागायचे.