तिरक्या नजरेची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे दाखवणारी नव्हे, माणसाच्या पोटात उतरणारी लांब काळी नळी. माझा डोळा समोर नाही, बाजूला आहे. कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीत बाजूलाच असतं. जन्मापासून माझी नजर तिरकी, आणि स्वभावही तसाच. कुणी "स्वच्छ आहे" म्हणालं की मला आधी शंका येते.

माझ्या टोकाशी आतली अवजारं वळवणारी, वर-खाली हलणारी एक इवलीशी पट्टी आहे. तिच्यामागे घाण दडून बसते आणि एकाचं दुखणं मी दुसऱ्याच्या पोटात नेऊ शकते. मी नवी होते तेव्हा सगळे मला ब्रशने घासून घासून जपायचे. पुढे हातांना सवय झाली. त्या सवयीच्या हातांची मला धास्ती वाटायची.

एकदा एक आजी आल्या. पित्तनलिकेत खडा अडकलेला, डोळे पिवळेधमक, अंगात ताप. हृदय इतकं थकलेलं, की सर्जन पोट उघडायचं नाव काढेनात. उरले मीच.

खोलीच्या दाराशी त्यांची सून उभी होती. तिने विचारलं, "ही नळी आधी कुणाच्या पोटात होती?"

"अहो, धुतलीय ती!" नर्स फणकारली.

"आमच्या सासूबाई घासलेल्या पातेल्याच्या काठाखालून बोट फिरवल्याशिवाय दूध ओतत नाहीत. लग्न झाल्यापासून माझा जीव खाल्लाय त्यांनी. आज त्यांच्या वतीने मी विचारते, कानाकोपरा बघितलाय का?"

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. आजींचा ताप चढत होता, उशीर परवडणारा नव्हता. तरी त्यांनी पट्टी उचलली, भिंगातून पाहिलं, तर तिच्यामागे मळ चिकटलेला होता. मग म्हणाले, "परत धुवायला न्या. लगेच."

तो वेळ मला खायला उठला. तेवढ्यात आजींना काही झालं असतं तर? अखेर मी उतरले. नलिकेच्या तोंडाशी बारीकसा छेद दिला गेला, खडा निघाला, तुंबलेलं पित्त वाहू लागलं. पोटावर एकही टाका नाही.

शुद्धीवर येताच आजी पुटपुटल्या, "नळी नीट घासली होती का गं?"

"दोनदा, आई," सून म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आता मी कपाटात पडून असते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरच्या कुणाच्या पोटात माझ्यासारखी नळी उतरणार असेल, तर न लाजता विचारा. कुणी रागावलं तर रागावू दे. आणि उत्तर फारच पटकन आलं, तर पुन्हा विचारा.